टॉन्सिल्स काढल्यानंतरचे दहा दिवस

मुलाच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया अवघ्या अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततात. खरी परीक्षा त्यानंतर, घरी सुरू होते. घशातील जखम भरून येण्यास साधारण दोन आठवडे लागतात आणि या काळातील वेदना आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी पालकांवर असते. वेदनाशामक औषध वेळेवर आणि योग्य मात्रेत मिळाले, तर मूल पाणी पिते, खाते, झोपते आणि लवकर बरे होते. ते मिळाले नाही, तर साधी शस्त्रक्रियाही मुलाला पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळेपर्यंत नेऊ शकते.

एक चित्र अनेक घरांत दिसते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मूल आइस्क्रीम खात हसत-खेळत असते. 'आता दुखत नाही', असे समजून औषध बंद केले जाते. चौथ्या दिवशी पहाटे मूल कान धरून रडत उठते, थुंकीही गिळत नाही आणि पाण्याचा पेला दूर लोटते. शस्त्रक्रिया बिघडली की काय, या शंकेने घर हवालदिल होते. वस्तुतः बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा क्रमच असा आहे आणि त्याची कल्पना पालकांना आधीपासून असणे आवश्यक आहे.

घशात नेमके काय घडते?

टॉन्सिल्स म्हणजे गलग्रंथी. जिभेच्या मुळाशी, घशाच्या दोन्ही बाजूंना या ग्रंथी असतात. वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा वाढलेल्या ग्रंथींमुळे झोपेत श्वास अडणे, ही त्या काढण्याची दोन प्रमुख कारणे होत. एका वर्षात ७ वेळा, सलग २ वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग ३ वर्षे दरवर्षी ३ वेळा घशाचा ठळक संसर्ग झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, हा निकष जगभर वापरला जातो. अनेकदा टॉन्सिल्सबरोबरच नाकामागील ॲडेनॉइड ही ग्रंथीही काढली जाते.

पोटाच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवून बंद करतात. घशातील ही जखम मात्र उघडीच राहते आणि तळापासून हळूहळू भरत येते. तिच्या तळाशी गिळण्याच्या क्रियेत भाग घेणारे स्नायू असतात. त्यामुळे प्रत्येक घोटाला उघड्या जखमेखालील स्नायू आकुंचन पावतात. शरीराच्या अन्य जखमेला विश्रांती देता येते. घशाला ती देता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे चोवीस तासांत जखमेवर पांढरट-पिवळसर थर येतो. अनेक पालक त्याला पू समजतात आणि प्रतिजैविकांचा आग्रह धरतात. तो पू नसून जखमेवर नैसर्गिकरीत्या तयार झालेले आवरण असते. त्वचेवरील खपलीचे काम घशात हाच थर करतो. या काळात तोंडाला दुर्गंधी येते, तीही यामुळेच. हा थर बोटाने, कापसाने किंवा जोरदार गुळण्यांनी काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. शस्त्रक्रियेनंतर सरसकट प्रतिजैविके दिल्याने वेदना कमी होत असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. म्हणूनच अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती नेहमीची बाब म्हणून देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

वेदनेचा चढ-उतार

इतर शस्त्रक्रियांनंतर वेदना दिवसागणिक कमी होत जाते. टॉन्सिल्सच्या बाबतीत तसे घडत नाही. पहिल्या दिवशी भुलेचा आणि रुग्णालयात दिलेल्या औषधांचा अंमल असतो. शस्त्रक्रियेदरम्यान शिरेतून दिलेली डेक्सामेथासोनची एक मात्राही उलट्या आणि वेदना कमी करते. हा परिणाम ओसरला, की दुखणे वाढते. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत ते चांगलेच जाणवते. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पांढरा थर सुटू लागतो, तेव्हा पुन्हा एकदा कळ वाढू शकते. त्यानंतर मात्र आराम पडत जातो. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक मुले पूर्ववत होतात.

कान दुखणे हा या काळातील हमखास तक्रारीचा विषय. घशाकडे जाणाऱ्या चेतातंतूचीच एक शाखा मध्यकर्णाकडे जाते. त्यामुळे घशातील वेदना मेंदूला कानातून आल्यासारखी भासते. कानात थेंब टाकून तिचा उपयोग होत नाही. घशाचे दुखणे कमी करणारे औषध हाच त्यावरील उपाय होय. सकाळच्या वेळी वेदना अधिक असते, कारण रात्रभर पाणी पोटात गेलेले नसते आणि तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडा पडलेला असतो.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीचाही वेदनेवर परिणाम होतो. ग्रंथी संपूर्ण न काढता तिचे बाह्य आवरण शाबूत ठेवून आतील भाग काढण्याच्या पद्धतीत खालचे स्नायू उघडे पडत नाहीत. साहजिकच त्यात वेदना कमी असते. मात्र उरलेला भाग पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता राहते. मुलासाठी कोणती पद्धत वापरली जाणार आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

दुखते किती, हे ओळखावे कसे?

मोठे मूल 'दुखते' असे सांगू शकते. तीन वर्षांच्या आतील मुलाला ते सांगता येत नाही आणि मोठी मुलेही कित्येकदा औषधाच्या चवीच्या किंवा सुईच्या भीतीने दुखणे लपवतात. मूल रडत नाही, याचा अर्थ त्याला वेदना नाही, असा होत नाही. निपचित पडून राहणारे, न बोलणारे मूल अनेकदा सर्वाधिक वेदनेत असते.

तीन वर्षांवरील मुलांसाठी हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांची वाँग-बेकर पट्टी वापरली जाते. 'तुझे दुखणे यातल्या कुठल्या चेहऱ्यासारखे आहे?' एवढेच मुलाला विचारायचे असते. अगदी लहान मुलांसाठी चेहरा, पायांची हालचाल, शरीराची अस्वस्थता, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची पद्धत आहे. घरच्या घरी वापरण्यासाठी १९९६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी पालकांकरिता १५ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. मूल नेहमीपेक्षा कमी खेळते का, कमी खाते का, अंगाला चिकटून राहते का, दुखरा भाग धरते का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. सहा किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर 'होय' असल्यास वेदनेवर उपचार हवा, असे मानले जाते. अशा पट्ट्या हाताशी नसल्या, तरी एक सोपी कसोटी आहे : मूल पाणी पीत आहे का? पीत नसेल, तर वेदनाशमन अपुरे पडत आहे.

औषध घड्याळाप्रमाणे, रडण्याप्रमाणे नव्हे

'दुखले तर दे' ही सूचना टॉन्सिल्सच्या बाबतीत पुरेशी ठरत नाही. वेदना शिगेला पोहोचल्यावर मूल औषधही गिळत नाही आणि दिलेल्या औषधाचा अंमल सुरू होण्यास अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून किमान पहिले पाच ते सात दिवस औषध ठरलेल्या वेळी द्यावे, असा सल्ला दिला जातो. पहिल्या काही रात्री मुलाला झोपेतून उठवून मात्रा द्यावी का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. खाण्याच्या अर्धा तास आधी औषध दिल्यास गिळणे सुसह्य होते.

या शस्त्रक्रियेनंतर मुलांसाठी दोन औषधे पायाभूत मानली जातात : पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. दोघांची कार्यपद्धती वेगळी असल्याने ती एकत्र किंवा आलटून-पालटून देता येतात. अमेरिकेतील २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या दोन्हींची शिफारस आहे. आयबुप्रोफेनमुळे रक्तस्राव वाढेल का, या प्रश्नावर बरीच चर्चा झाली असून काही शल्यचिकित्सक आजही ते देण्याचे टाळतात. ज्या मुलाला मूत्रपिंडाचा विकार, रक्त न गोठण्याचा आजार किंवा अशा औषधाने बळावणारा दमा आहे, त्याला ते देऊ नये. मूल पाणीच पीत नसेल, तरीही आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. त्यामुळे ते द्यावे की नाही, हा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

दोन्ही औषधे द्यायची असल्यास वेळापत्रक लिहून शीतकपाटाच्या दारावर लावावे. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, सायंकाळी ६ आणि रात्री १२ वाजता. तर आयबुप्रोफेन सकाळी ९, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता. मात्रा दिल्यावर लगेच खूण करावी. आईने दिलेले औषध ठाऊक नसल्याने आजीने किंवा बाबांनी पुन्हा देणे, ही घरोघरी होणारी चूक त्यामुळे टळते.

मात्रा वजनावर ठरते

मुलांच्या औषधाची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचे अंतर लागते. आयबुप्रोफेनची मात्रा किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि अंतर ६ ते ८ तासांचे असते. चोवीस तासांत एकूण किती मात्रा द्यायच्या, हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर स्पष्ट असले पाहिजे.

खरा घोटाळा होतो तो बाटलीवरील तीव्रतेमुळे. भारतात पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या तीव्रतेत मिळते. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. १६ किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे २४० मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे, असे समजा. १२० मिलिग्रॅमच्या बाटलीतून त्यासाठी १० मिलिलिटर लागतील. २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ५ मिलिलिटरपेक्षा किंचित कमी. दुकानदाराने दुसरी बाटली दिली आणि घरात '१० मिलिलिटर' हाच आकडा लक्षात राहिला, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जाईल. पॅरासिटामॉलचा असा अतिरेक यकृताला गंभीर इजा करू शकतो. उलट बाजूने, तीव्र बाटलीचा आकडा सौम्य बाटलीला लावला, तर मुलाला निम्मेच औषध मिळते आणि ते तळमळत राहते.

म्हणून प्रत्येक बाटलीवरील '५ मिलिलिटरमध्ये किती' ही ओळ वाचूनच औषध द्यावे. स्वयंपाकघरातील चमचे लहान-मोठे असतात. त्याऐवजी बाटलीसोबतचे मापाचे टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. क्रोसिन आणि कॅल्पॉल ही दोन नावे वेगळी असली, तरी दोन्हींतील औषध पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या अनेक औषधांतही ते असते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांचे एकत्रित सिरपही बाजारात आहे. ते देताना वेगळे पॅरासिटामॉल दिल्यास मात्रा दुप्पट होते.

ही औषधे मुलांना नकोत

कोडीन हे अफूवर्गातील औषध एकेकाळी टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना सर्रास दिले जाई. यकृत त्याचे रूपांतर मॉर्फिनमध्ये करते आणि वेदना थांबते ती या मॉर्फिनमुळे. काही व्यक्तींमध्ये जनुकीय कारणाने हे रूपांतर अतिशय वेगाने होते. नेहमीच्या मात्रेतूनही त्यांच्या रक्तात मॉर्फिनचे प्रमाण इतके वाढते, की श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. कॅनडातील एका दोन वर्षांच्या मुलाचा शस्त्रक्रियेनंतर घरी अशा प्रकारे मृत्यू झाल्याची नोंद २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याच्या विकारामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. अशी मुले अफूवर्गीय औषधांना अधिक संवेदनशील असतात आणि टॉन्सिल्स काढाव्या लागणाऱ्यांत त्यांचेच प्रमाण मोठे असते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्यास मनाई करणारा ठळक इशारा दिला. युरोपीय औषध यंत्रणेनेही त्याच वर्षी निर्बंध घातले. २०१७ मध्ये अमेरिकेने १२ वर्षांखालील मुलांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही औषधे निषिद्ध ठरवली. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉलची मनाई १८ वर्षांखालील सर्वांना लागू केली. भारतातील घरांच्या औषधपेटीत खोकल्याचे कोडीनयुक्त औषध किंवा मोठ्यांच्या कंबरदुखीसाठी आणलेली ट्रॅमाडॉलची गोळी पडून असते. मुलाची कळ पाहवत नाही म्हणून त्यातील थोडेसे देण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

निमेसुलाइड हे औषध भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी घातलेले आहे. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो आणि मुलांमध्ये यकृत व मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमचा धोका असतो, तेही टाळावे.

पाणी हेही औषधच

घसा कोरडा पडला, की वेदना वाढते. वेदना वाढली, की मूल पाणी पीत नाही आणि घसा आणखी कोरडा पडतो. हे दुष्टचक्र तोडणे, हे घरच्या शुश्रूषेचे मुख्य काम. एकदम पेलाभर पाण्याचा आग्रह धरण्याऐवजी दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-दोन घोट द्यावेत. साधे पाणी, शहाळ्याचे पाणी, पातळ ताक, थंड दूध, नाचणीची गार आंबील यांपैकी मुलाला आवडेल ते चालते. पहिले एक-दोन दिवस मूल फारसे खात नसेल, तर चिंता नसावी. पिणे मात्र थांबता कामा नये.

'थंड खाल्ल्याने घसा धरतो', या समजुतीमुळे घरातील ज्येष्ठांना आइस्क्रीम आणि बर्फाची कल्पना पचनी पडत नाही. या जखमेच्या बाबतीत मात्र गारवा वेदना बधिर करतो. आइस्क्रीम, कुल्फी, बर्फाचा चुरा निःसंकोच द्यावा. दुधाने लाळ घट्ट झाल्यासारखी वाटल्यास वर घोटभर पाणी द्यावे. लालभडक सरबते आणि आइस्क्रीम मात्र नकोत. उलटी झाल्यास रंग आणि रक्त यांत फरक कळत नाही.

जेवणात मऊ वरण-भात, मुगाची पातळ खिचडी, दहीभात, शिरा, शेवयांची खीर, कुस्करलेले केळे असे पदार्थ कोमट किंवा गार करून द्यावेत. चिवडा, चकली, पापड, खाकरा यांचे कडक तुकडे जखमेला टोचतात. लिंबू, संत्रे, चिंच, टोमॅटो आणि तिखट यांनी आग होते. मूल स्वतःहून पोळीचा मऊ घास मागू लागल्यास अडवू नये. चावण्या-गिळण्याने घशाचे स्नायू मोकळे होतात आणि ताठरपणा कमी होतो. पोळी चालेल का, यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

मधाने वेदना काहीशी कमी होत असल्याचे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे. तो पूरक उपाय म्हणून चालेल, वेदनाशामकाच्या जागी नव्हे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

धीर आणि दिलासा

'अजिबात दुखणार नाही', असे खोटे सांगून रुग्णालयात नेलेल्या मुलाचा विश्वास पहिल्याच घोटाला उडतो आणि मग ते औषधही नाकारते. 'काही दिवस घसा दुखेल, पण त्यावर औषध आहे', असे खरे सांगितलेले मूल अधिक सहकार्य करते. गोष्टी, गाणी, पत्ते, चित्रे रंगवणे यांत मन गुंतल्यास वेदना कमी जाणवते. मानेभोवती फडक्यात गुंडाळलेला गार पट्टा ठेवल्यानेही आराम वाटतो. औषध घेतल्याबद्दल शाबासकी द्यावी. नाक दाबून, हात धरून बळजबरीने पाजल्यास ठसका लागण्याचा धोका असतो. मूल सिरप थुंकूनच टाकत असेल, तर गुदद्वारावाटे देण्याच्या पॅरासिटामॉलच्या कांड्या मिळतात. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

रक्तस्राव : दोन आठवड्यांची सावधगिरी

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ या काळात टॉन्सिल्सच्या ३३ हजार ९२१ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी साडेतीन टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला. तो पहिल्या चोवीस तासांत होऊ शकतो. अथवा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे पांढरा थर सुटताना. थुंकीत तपकिरी रेघ दिसणे किंवा पहिल्या दिवशी गिळलेल्या जुन्या रक्ताची एखादी काळपट उलटी होणे संभवते. ताजे लाल रक्त मात्र थोडे दिसले, तरी घरी वाट पाहू नये. झोपेत मूल सतत गिळत असेल, तर तेही रक्त घशात उतरत असल्याचे लक्षण असू शकते.

अशा वेळी मुलाला बसवून किंचित पुढे झुकवावे, रक्त गिळू न देता थुंकायला सांगावे, तोंडावाटे काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दोन आठवडे धावपळीचे खेळ, पोहणे आणि गर्दी टाळावी. शस्त्रक्रिया अनेकदा मे महिन्याच्या सुटीत ठरवली जाते आणि आठवड्याभरात गावी जाण्याचा बेतही आखला जातो. नेमक्या याच दिवसांत रक्तस्रावाचा धोका असतो, हे ध्यानात घेऊन दोन आठवडे चांगल्या रुग्णालयाजवळ राहावे.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांशी तातडीने संपर्क साधावा :

- तोंडातून किंवा नाकातून ताजे रक्त येणे, रक्ताची उलटी होणे.
- श्वास घेताना त्रास होणे, ओठ निळसर पडणे, हाक मारूनही मूल नीट जागे न होणे.
- आठ तास लघवी न होणे, लघवी गडद पिवळी होणे, रडताना अश्रू न येणे, ओठ-जीभ कोरडी पडणे.
- १०२ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप. त्याहून कमी ताप पहिले काही दिवस येऊ शकतो.
- नियमित औषध देऊनही मुलाने पाण्याचा घोट न घेणे, किंवा दिलेले प्रत्येक औषध उलटून पडणे.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : मुलाचे वजन, औषधाचे नाव व बाटलीची तीव्रता, मिलिलिटरमधील मात्रा व वेळा आणि रात्री-अपरात्री संपर्क साधण्याचा दूरध्वनी क्रमांक. मुलांनी दुखणे सहन करायला शिकावे, असे म्हणून औषध हातचे राखण्यात शहाणपण नाही. हे दहा दिवस नीट पार पडले, तर वारंवार येणारा ताप, बुडणारी शाळा आणि घोरण्याने मोडणारी झोप यांतून सुटका होण्याचा शस्त्रक्रियेमागील मूळ हेतू मुलाच्या पदरी पडतो.